समोरची खुर्ची

माझी वहिनी समोरच्याला पाणी पाजते आणि पाजताना त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही, असं वर्तमानपत्रवाले वर्षानुवर्षं लिहीत आले. कुणी तिला ‘बर्फाची बाई’ म्हटलं, कुणी ‘दगडी बाई’. एका शहाण्याने तर तिच्या या न बघण्यावर अख्खा लेख पाडला. त्याचं म्हणणं, हे सगळं मानसशास्त्र आहे. खुर्चीत बसलेल्याला आपण तिथे नाहीच असं वाटायला लावायचं, म्हणजे तो आतूनच हरतो. मी तो लेख वाचला आणि चुरगाळून फेकला. तिच्यासमोर त्या खुर्चीत सगळ्यांत आधी बसलेली बाई मी आहे. मला मानसशास्त्र कुणी शिकवायला नको.

ज्यांनी पूल हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कापड ताणलेलं टेबल, कडेला सहा पॉकेटं, नऊ रंगीत बॉल आणि एक पांढरा. पांढऱ्याला क्यूने, म्हणजे लांब काठीने, मारायचं आणि त्याने जाऊन रंगीत बॉल पॉकेटात घालवायचा. आधी एक नंबर, मग दोन, असं क्रमाने. पांढरा सगळ्यांत आधी लहान नंबरलाच लागला पाहिजे, नाहीतर फाऊल. नऊ ज्याने घातला त्याचा डाव. बॉल जातायत तोवर पाळी तुमचीच, आणि चुकलात की भिंतीशी एक खुर्ची असते तिथे जाऊन बसायचं. बाकीच्या खेळांत हरणारा निदान धावतो, घाम गाळतो. इथे माणूस बसून हरतो. तोंड बंद, क्यू दोन गुडघ्यांत उभी, हलायचं नाही, बोलायचं नाही. चांगले चांगले खेळणारे मी त्या खुर्चीत खचलेले पाहिलेत.

हॉल आमच्या बाबांचा. खाली पाच टेबलं, वर आमचं घर. क्यूच्या टोकाला लावायच्या निळ्या चॉकची धूळ खिडकीच्या गजांपासून वाळत घातलेल्या कपड्यांपर्यंत सगळीकडे. बाबांनी मला पायाखाली खोकं देऊन खेळायला शिकवलं. दादाला खेळाची गोडी नव्हती. तो टेबलांची कापडं बदलायचा, दिवे बघायचा आणि गिऱ्हाइकांची भांडणं सोडवायचा. बाबांचा जीव माझ्या हातात अडकलेला होता. ‘ही पोरगी नाव काढणार,’ असं ते माझ्यादेखत लोकांना सांगायचे, आणि मी ऐकलं नाही असं दाखवत क्यू पुसत राहायचे.

मग दादाचं लग्न झालं आणि वहिनी आली. माझ्याच वयाची, अंगाने बारीक, नाकावर चष्मा. हॉल उघडायच्या आधी टेबलं ब्रशने झाडायचं काम तिच्याकडे आलं. झाडता झाडता ती एखादा बॉल हाताने ढकलायची आणि तो कडेला आपटून कसा परत येतो ते बघत उभी राहायची. एकदा बाबांनी ते पाहिलं. दुसऱ्या कुणी सून कामचुकार निघाली असं म्हटलं असतं. बाबांनी तिच्या हातात क्यू दिली.

हॉलमध्ये बाबांचा एक नियम होता. हरलेल्याने बॉल लावायचे, जिंकलेल्याने ब्रेक मारायचा. लाकडी त्रिकोणात नऊ बॉल मांडून, बोटांनी दाबून, एकमेकांना घट्ट चिकटवून द्यायचे आणि मागे सरायचं. मग जिंकलेला पहिला तडाखा मारून ते फोडतो. पाहुणा असो, घरचा असो, खुद्द बाबा असोत, या नियमाला माफी नव्हती. पहिलं वर्ष वहिनीने माझ्यासाठी बॉल लावले. दुसऱ्या वर्षी कधी तिने, कधी मी.

तेव्हाच महिलांची मोठी स्पर्धा सुरू झाली. एका हॉलमधून एकच नाव पाठवायचं होतं. मला वाटलं यात ठरवायचं ते काय? बाबा म्हणाले, “दोघी खेळा. जी जिंकेल ती जाईल.” मला ते जिव्हारी लागलं, पण मी खेळले. बरोबरीवर बरोबरी होत शेवटचा डाव उरला आणि त्या डावात माझा सहा नंबर पॉकेटाच्या तोंडाशी जाऊन थांबला. मी खुर्चीत जाऊन बसले.

वहिनीने चष्मा काढून खिळ्याला अडकवला. तो ती नेहमीच काढायची. क्यूवर हनुवटी टेकवून वाकलं की चष्म्याची वरची कड बरोबर नजरेच्या आड येते, म्हणून. त्या दिवशी मात्र मला वाटलं, बाईसाहेब मला खिजवायला चष्मा काढतायत.

सहा हिरवा, सात किरमिजी, आठ काळा, नऊ पिवळ्या पट्ट्याचा. चारच बॉल होते. मला एवढंच हवं होतं की तिने एकदा वर बघावं. हरायला माझी हरकत नव्हती असं म्हणणार नाही, कारण चांगलीच हरकत होती. पण माझं सगळं लहानपण ज्या टेबलावर गेलं ते माझ्या हातून काढून घेतेयस, तर निदान एकदा माझ्याकडे बघ. माझे डोळे तिच्यावर खिळलेले होते आणि हनुवटी थरथरत होती, आणि ती टेबलाभोवती अशी फिरत होती जशी हॉलमध्ये एकटीच आहे. सहा गेला. सात गेला. आठ गेला. नऊच्या आधी ती अगदी माझ्या समोर आली, मान उचलली, माझ्या दिशेने पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. मग वाकून तिने नऊ घातला.

चष्मा चढवून ती म्हणाली, “वन्सं, चहा टाकू का?”

मी उठले आणि बॉल लावले.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. ती गेली आणि पहिल्याच वर्षी जिंकून आली. मग देशोदेशी जिंकली. चषकांना जागा पुरेना म्हणून दादाने जिन्यात फळ्या ठोकल्या. मी तिची सरावाची जोडीदार झाले. का झाले, असं लोक विचारतात. बाबांनी सांगितलं म्हणून, हे एक. आणि राग कितीही असला तरी तिच्या खेळाचा मोह त्याहून जास्त होता, हे दुसरं. असा खेळ रोज समोर चाललेला असताना मी स्वयंपाकघरात जाऊन काय करणार होते? तिचा सराव मी आखायचे, प्रवास मी ठरवायचे, हॉटेलात उशी कडक आहे म्हणून भांडायला मी जायचे. पहिल्या परदेश दौऱ्यात कधीतरी ती ‘वन्सं, तुम्ही’ वरून ‘अगं, तू’ वर आली. रोज दुपारी आम्ही खेळायचो आणि बहुतेक डावांनंतर बॉल मी लावायचे. बाबा गेले, त्यांचा नियम राहिला.

आमच्यात त्या दिवसाचा विषय कधी निघाला नाही. तीही बोलली नाही, मीही नाही. काही ठुसठुसणाऱ्या गोष्टींची सवय होते आणि त्या माणूस अंगावर घेऊन वावरतो, तसं माझं झालं होतं.

गेल्या वर्षीच्या अजिंक्यपदात मात्र विपरीत घडलं. उपांत्य सामना, वहिनी पुढे, टेबलावर तीन नंबर आणि सात नंबर दोन्ही शिल्लक. तीन असतो लाल, सात किरमिजी. वहिनी वाकली, नेम धरला आणि पांढरा थेट सातवर घातला. प्रेक्षकांत कुणीतरी हाय खाल्ल्यासारखा आवाज काढला. पंचाने फाऊल दिला तेव्हा ती त्याच्याकडे बघतच राहिली. त्याने बोटाने तीन नंबर दाखवला. शिकाऊ पोरंसुद्धा करणार नाहीत अशी चूक विजेतीने केली होती, आणि पुढचा डाव सावरता सावरता सामना गेला.

हॉटेलच्या खोलीत ती पलंगावर बसून म्हणाली, “लाल दिसतच नव्हता गं. दोन्ही सारखेच होते. चिखलासारखे.”

“मग पंचाला विचारायचं नाही का? तोंड शिवलं होतं?”

“विचारलं असतं तर कळलं असतं ना सगळ्यांना.”

दुसऱ्या आठवड्यात मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तोही वयाच्या मानाने लवकर. डॉक्टरीणबाई हसऱ्या होत्या. म्हणाल्या, आतली भिंगं बदलली की रंग परत येतील, शिवाय लांबचा चष्माही सुटेल. कागदावर जुना नंबर बघून त्यांनी भुवया उंचावल्या.

“आणि तुम्ही चष्म्याशिवाय खेळत होता? इतकी वर्षं?”

“बॉलचा रंग कळायचा,” वहिनी म्हणाली. “कडा धूसर असायच्या, पण त्या मी ओळखायचे. सवयीने.”

“आणि टेबलाच्या पलीकडचं?”

“पलीकडचं कशाला लागतंय?”

डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या, जसं काही मी तिची आई. “या नंबरात समोरच्या भिंतीशी कुणी बसलं असेल तर माणूस आहे एवढं कळतं. हसतोय का रडतोय, ते नाही कळणार.”

मी मान डोलावली आणि पर्समध्ये उगीच काहीतरी शोधायला लागले. तिला नंबर आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या डोळ्यांदेखत ती तो चष्मा काढायची आणि घालायची. पण चष्मा काढल्यावर तिचं जग कुठे संपतं, हे एकाही शहाण्याने तिला विचारलं नव्हतं. त्यात मीही आलेच. परतताना रिक्षात मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. तिला वाटलं मी ऑपरेशनला घाबरलेय. तीच माझी समजूत घालत बसली.

दोन्ही डोळे झाले. पट्टी सुटल्यावर तिने हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि दाराशीच थांबली.

“अगंबाई, छताला एवढं मोठं ठिगळ आहे?”

“दादाने मारलंय. कितीतरी वर्षं झाली.”

“आणि तुझे केस केव्हा पांढरे झाले?”

“तुझ्यासाठी बॉल लावता लावता,” मी म्हटलं.

खेळ मात्र पार बिघडला. कडा लख्ख दिसायला लागल्या आणि तिचा नेम गेला. ती आजवर धूसर गोळ्याच्या पोटात मारत आली होती. आता धार दिसली की हात तिकडे ओढला जायचा आणि बॉल पॉकेटाच्या कोपऱ्यावर आपटून परत यायचा. दादा जिन्यात उभं राहून ते आवाज ऐकायचा आणि वर जायचा. ती रडकुंडीला आली. डॉक्टरीणबाईंकडून नजर पुन्हा जराशी मंद करणारा चष्मा मिळेल का, इथवर तिची मजल गेली. मी तिला फैलावर घेतलं. “घाला ना मग झापडं! पट्टी बांधून खेळा!” पण मलाही भीती वाटत होती. तिचं वय आता थांबायचं होतं आणि तिला एकच गोष्ट हवी होती. अजिंक्यपद आणखी एकदा जिंकायचं आणि मग क्यू खाली ठेवायची. “लाल सोडून किरमिजीला मारणारी बाई म्हणून मला लोकांनी लक्षात ठेवायला नको,” ती म्हणायची. त्यापुढे तिला दुसरं काही सुचत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही. त्या चषकांवर माझंही आयुष्य खर्ची पडलं होतं.

मी तिला अगदी पहिल्यापासून उभं केलं. एकच बॉल, एकच पॉकेट, सकाळ-दुपार. ती चिडायची, मी तिच्याहून जास्त चिडायचे. हळूहळू हात नव्या डोळ्यांचं ऐकायला लागला. पुढच्या अजिंक्यपदाच्या आधी ती पूर्वीसारखी झाली होती, कदाचित थोडी अधिकच चांगली.

एकच नवं खूळ लागलं होतं. दोन फटक्यांच्या मधे ती मान वर करायची.

“काय बघतेस सारखी?” मी खुर्चीतून ओरडले.

“तू जांभया देतेस.”

“पहिल्यापासून देते.”

“मला काय माहीत! मला वाटायचं तू लक्ष देऊन बघतेयस.”

मी हसले, ती हसली, आणि मी तो विषय तिथेच सोडला. तिला खडसावायला हवं होतं की टेबल सोडून कुठे बघू नकोस. पण माझ्याच्याने ते वाक्य उच्चारवेना. ज्या बाईने एकदा वर बघावं म्हणून मी इतकी वर्षं आत जळत होते, तिला मी कोणत्या तोंडाने सांगणार होते की बघू नकोस?

अजिंक्यपदात ती सामन्यामागून सामना जिंकत अंतिम फेरीत आली. समोर एक वेणीवाली पोरगी होती. लांब, जाड वेणी, वाकताना ती पाठीवरून घसरून टेबलाला लागू नये म्हणून शर्टाच्या आत खोचलेली. खेळ धारदार, छातीठोक. दोघी बरोबरीवर बरोबरी करत आठ-आठवर आल्या. आधी नऊ डाव जी घेईल तिचं अजिंक्यपद. मी पहिल्या रांगेत होते.

शेवटच्या डावात वेणीवालीचा दोन नंबर हुकला. ती खुर्चीत जाऊन बसली. वहिनी उठली, चॉक लावला आणि दोन घातला. आणि मग टेबलावर तेच दोघे, तीन आणि सात, लाल आणि किरमिजी, जवळजवळ. गेल्या वर्षीचं कुणी विसरलं नव्हतं. वहिनीने एका नजरेत लाल ओळखला, वाकली, आणि तीन असा गेला की पॉकेटात पडल्याचा आवाजसुद्धा मऊ आला. मी डोळे मिटून घेतले. झालं, मी मनात म्हटलं, आता कुणी काही बोलू शकणार नाही. चार, पाच, सहा एकामागून एक गेले.

राहिला सात. सोपा, सरळ, झोपेतही गेला असता असा. फक्त तो घालायला तिला वळसा घालून अशा जागी उभं राहावं लागलं, की पॉकेटाच्या बरोबर मागे वेणीवालीची खुर्ची येत होती.

तिने मान वर केली.

मी वळून पाहिलं तेव्हा मला दिसलं ते असं. पोरगी रडत नव्हती. ओठ आवळून बसली होती आणि अगदी हळू, स्वतःशीच मान हलवत होती, लहान मुलाची समजूत काढताना आपण हलवतो तशी. हो, हो, असू दे, असू दे. क्यूवरची तिची बोटं पांढरी पडली होती.

वहिनी वाकली. पुन्हा उठली. पुन्हा चॉक लावला. मी आजवर तिला एका फटक्यासाठी दोनदा चॉक लावताना पाहिलं नव्हतं. ती पुन्हा वाकली आणि मारलं. सात पॉकेटाच्या दोन्ही ओठांवर आपटला, थरथरला आणि तोंडाशीच थांबला.

पोरीने उरलेले तीन बॉल पुसून काढावेत तसे काढले. वहिनी खुर्चीत बसून बघत होती. नऊ गेल्यावर सगळा हॉल उभा राहिला. वहिनीही उठली, पोरीकडे गेली आणि तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून काहीतरी बोलली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, ‘बर्फ वितळला’. हेही चुरगाळून झालं.

परतीच्या गाडीत माझा बांध फुटला.

“दया आली तुला! आयुष्यभराचं कमावलेलं एका पोरीच्या तोंडाकडे बघून घालवलंस. तुला कळतं का, दयेने दिलेला डाव म्हणजे तिच्याही थोबाडीत मारलीस तू?”

“दया नव्हती गं.” ती खिडकीबाहेर बघत होती. प्रत्येक दुकानाची पाटी वाचत सुटायची तिला नवीन सवय लागली होती. “दया आली असती तर मी मुद्दाम चुकवलं असतं. मी जिवाच्या आकांताने घालायला गेले आणि गेला नाही. हात गार पडला.”

“का?”

“तिथे माणूस बसलेलं असतं हे मला ठाऊक होतं. दिसलं नव्हतं कधी.” तिने आणखी एक पाटी वाचली. मग म्हणाली, “तिला बघून मला एकदम आठवलं, सगळ्यांत आधी तिथे तू बसली होतीस. त्या दिवशी मी मुद्दाम तुझ्याकडे बघितलं होतं. नऊच्या आधी. वाटलं, तू रागावली असशील, रडत असशील, तर थांबावं. मला एक पिवळट ठिपका दिसला आणि त्याच्यावर केस. मला वाटलं, बरी दिसतेय.”

ती खिडकीतून मान वळवून माझ्याकडे बघायला लागली.

“कसा होता तुझा चेहरा?”

“मला काय ठाऊक?” मी म्हटलं. “मी काय तिथे आरसा घेऊन बसले होते?”

मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत बसले. दादाचा फोन आला तो मी तिच्याच हातात दिला.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली उतरले तेव्हा हॉल अजून उघडला नव्हता, पण मधल्या टेबलावरचा दिवा चालू होता. वहिनीने कापड झाडून घेतलं होतं आणि टेबलावर बॉल मांडत होती. दोन पावलं मागे जाऊन बघायची, एखादा बोटभर सरकवायची, पुन्हा मागे जायची. सहा हिरवा पॉकेटाच्या तोंडाशी. सात मधल्या कडेजवळ. आठ पलीकडे. नऊ लांबच्या कोपऱ्यात.

या खेळातली माणसं अशीच असतात. किल्ल्या कुठे ठेवल्या ते आठवत नाही, लग्नाची तारीख आठवत नाही, पण कुठल्या डावात कुठला बॉल कुठे होता ते मरेपर्यंत विसरत नाहीत. मी ती मांडणी दारातूनच ओळखली.

“आठ थोडा इकडे होता,” मी म्हटलं.

तिने आठ सरकवला. “इथे?”

“हं.”

“बस,” ती म्हणाली.

मी खुर्चीत बसले. खुर्ची तीच, बैठक तेवढी नवी. मी इतकी वर्षं मनात एक चेहरा तयार ठेवला होता, ती कधी बघेल तेव्हा दाखवायला. ताठ, थंड, तिच्यासारखाच दगडी. तो काही केल्या येईना.

तिने सहा घातला आणि माझ्याकडे बघितलं. सात घातला आणि बघितलं. आठ घातला. मग ती त्याच जागी येऊन उभी राहिली आणि मान वर केली. आता मात्र माझी हनुवटी थरथरायला लागली, अगदी तेव्हासारखी, मेली कधी माझं ऐकेल तर शपथ. डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहायला लागलं. मी ते पुसलं नाही. खुर्चीत हलायचं नसतं.

वहिनी बघत राहिली. जवळ आली नाही, तोंडाने च्‌-च्‌ केलं नाही, पदर पुढे केला नाही. नुसती बघत राहिली, माझं रडून होईपर्यंत. तिचेही डोळे भरले होते.

मग ती वाकली आणि तिने नऊ घातला. सरळ, स्वच्छ, कुठे न आपटता. तिने तो चुकवला असता तर मी तिला जन्मात क्षमा केली नसती, आणि तिला ते ठाऊक होतं.

मी नाक ओढलं आणि सवयीने उठले. दिव्याखालचा त्रिकोण घ्यायला हात पुढे केला, तर तो तिने आधीच उचलला होता. ती पॉकेटांतून एकेक बॉल काढून त्यात मांडायला लागली.

“हरलेल्याने लावायचे असतात,” मी म्हटलं.

“ठाऊक आहे मला,” ती म्हणाली आणि मांडत राहिली. एक पुढे, नऊ मधे, बाकीचे भोवती. बोटांनी दाबून तिने ते घट्ट केले, पहिल्या वर्षी माझ्यासाठी करायची तसे. त्रिकोण अलगद उचलला. एकही बॉल हलला नाही.

मग ती मागे सरली, माझी क्यू भिंतीवरून काढून माझ्या हातात दिली आणि जाऊन खुर्चीत बसली.

“ब्रेक तुमचा, वन्सं.”